निवतीच्या पाण्यात 'गुलदार'

पुण्यातून मालवण साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. तरीही दिवाळीची सुट्टी लागली की फोंडा आणि गगनबावडा घाट उतरणाऱ्या गाड्यांत एमएच-१२ आणि एमएच-१४ च्या पाट्या भरपूर दिसतात. तारकर्लीत मुक्काम, सिंधुदुर्ग किल्ला, नशीब असेल तर डॉल्फिन आणि सकाळच्या शांत पाण्यात स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा, असा बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. त्यात आता एका युद्धनौकेची भर पडायची आहे. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या निवतीच्या खडकांजवळ तळाशी बसवायची, तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं, तिच्यावर सागरी जीव वाढू द्यायचे आणि ज्यांना पाण्यात उतरता येत नाही त्यांना पाणबुडीतून हे सगळं दाखवायचं, अशी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची योजना आहे. केंद्र सरकारने तिच्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले.

ही योजना मला मनापासून आवडते. समुद्र माणसाकडे आणण्याऐवजी ती माणसाला समुद्राकडे नेते. याच किनाऱ्याने याच्या अगदी उलट कल्पनाही पाहिली आहे. मालवण तालुक्यातल्या वायंगणी-तोंडवळी परिसरात 'सी-वर्ल्ड' नावाचं सागरी जीवांचं उद्यान उभारायचं ठरलं, तेव्हा १,३९० एकर जागेची चर्चा होती. गावांनी जोरदार विरोध केला, मग आकडा ३५० एकरांवर आला, पण प्रत्यक्षात काही उभं राहिलं नाही. तोंडवळी-तळाशील म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालावल खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या लोकांना लाटा जमीन कशी खातात हे वेगळं सांगावं लागत नाही.

जमिनीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी टाकीतला समुद्र सांभाळणं फार अवघड काम आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा लाख लिटरची टाकी पुण्यासारख्या ठिकाणी भरायची तर ३५ टन क्षार आणून योग्य प्रमाणात विरघळवावे लागतील. कोकणात समुद्र समोरच असला, तरी पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्याला येऊन मिळतं, खारटपणा उतरतो आणि गाळ वाढतो. त्यामुळे ते पाणी तसंच टाकीत घेता येत नाही. मासे अमोनिया टाकतात. तो विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत रुजायला काही आठवडे लागतात. वीज गेली आणि पंप थांबले तर पाण्यातला ऑक्सिजन उतरायला लागतो. टाकीची खोली पाच मीटर असेल तर तळाजवळच्या पारदर्शक भिंतीवर दर चौरस मीटरला पाच टनांचा दाब असतो. हे सगळं अभियांत्रिकीने साधतं, जगभर साधलेलंही आहे.

डॉल्फिनच्या बाबतीत मात्र अभियांत्रिकी पुरत नाही. दिवसाला कित्येक किलोमीटर पोहणारा, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून जग ओळखणारा हा प्राणी काँक्रीटच्या हौदात स्वतःच्याच आवाजाच्या कोंडाळ्यात सापडतो. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले गेले आणि काही महिन्यांतच ते मेले. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून देशात डॉल्फिनगृहांना परवानगी द्यायची नाही असं राज्यांना कळवलं. माझ्या मते आपल्याकडच्या वन्यजीव धोरणातल्या सर्वांत सुजाण निर्णयांपैकी तो एक आहे. कोकणातले डॉल्फिन मोकळ्या पाण्यातच बघायचे, हे त्याने नक्की केलं.

आता 'गुलदार'कडे येऊ. पोलंडमधल्या ग्डिनिया इथे बांधलेली ही नौका ३० डिसेंबर १९८५ रोजी नौदलात दाखल झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला 'चीता' आणि 'कुंभीर' या सोबतच्या नौकांबरोबर निवृत्त झाली. सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेली. म्हणून तिचा तळ बराचसा सपाट आहे, नाकाडाला उघडणारा दरवाजा आहे आणि पोटात रणगाड्यांसाठी लांबच लांब मोकळी जागा आहे. पाण्याखालच्या संग्रहालयाला यापेक्षा सोयीची रचना शोधून सापडणार नाही. टोकदार तळाचं जहाज वाळूवर कलंडतं. हे सरळ बसण्याची शक्यता जास्त. रणगाड्यांच्या जागेत पाणबुड्यांना म्हणजे डायव्हरना एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडता येईल, वर छताला भोकं पाडली तर उजेडही येईल.

जहाज तळाशी गेल्यावर पुढचं काम समुद्र करतो, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. पहिल्या काही तासांत पोलादावर सेंद्रिय रेणूंचा न दिसणारा थर बसतो. त्यावर जिवाणू येतात, मग डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ते हेच. मग बार्नाकल येतात: होडीच्या तळाला चिकटणारे, खडकावर अनवाणी चाललं की पाय कापणारे ते पांढरे टोकदार जीव. बार्नाकलचं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. पाण्यातून तरंगत ते पृष्ठभागावर उतरतं आणि आपल्या दोन मिशांवर अक्षरशः चालत जागा तपासतं. पृष्ठभाग खडबडीत आहे का, जवळपास आपल्या जातीचे आहेत का, पाणी वाहतं आहे का? पसंत पडली नाही तर सोडून पुढे जातं. पसंत पडली तर मिशांमधून एक चिकट द्रव सोडतं, डोकं खाली करून कायमचं चिकटतं आणि स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधायला घेतं. पुढचं सगळं आयुष्य पाय पाण्यात फडफडवून अन्न गोळा करण्यात जातं. त्यांच्या मागोमाग कालवं येतात, शिनाणे येतात, स्पंज येतात. कवचांच्या फटींत खेकडे आणि कोळंबी लपतात. त्यांना खायला गोबरे आणि तांबोशी येतात, आणि लहान माशांच्या थव्यांमागे वरच्या पाण्यात मोडुसा आणि सुरमई घिरट्या घालतात.

प्रवाळांबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवायला हवी. कठीण प्रवाळांच्या शरीरात राहणाऱ्या शेवाळाला ऊन लागतं. जहाज बसणार त्या साधारण वीस मीटर खोलीवर, तेही कोकणच्या गाळयुक्त पाण्यात, ऊन थोडंच पोहोचतं. लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. शिवाय गोलाकार वाढणारे काही प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरच्या आसपासच वाढतात. त्यामुळे 'गुलदार'वर मऊ प्रवाळ, स्पंज आणि शिंपल्यांची गर्दी जास्त होईल, अंदमानच्या चित्रांतल्यासारखी रंगीत बाग होणार नाही. जाहिरातीत तशी बाग रंगवली, तर येणाऱ्याचा हिरमोड होईल आणि खरी मौज हातची जाईल.

जहाज बुडवण्याआधीची साफसफाई ही सर्वांत खर्चिक आणि सर्वांत महत्त्वाची पायरी असते. जुन्या जहाजांत तेल असतं, जुन्या वायरींच्या वेष्टणात आणि गॅस्केटमध्ये पीसीबीसारखी टिकाऊ विषारी रसायनं असू शकतात, उष्णतारोधक थरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तळाच्या रंगात जीव बसू नयेत म्हणून घातलेली विषं असतात. विषाशिवायही नुकसान होऊ शकतं: फ्लोरिडाजवळ १९७२ मध्ये सुमारे वीस लाख टायर 'कृत्रिम भित्ती' म्हणून समुद्रात टाकले गेले. बांधलेले पट्टे गंजून तुटले, टायर लाटांबरोबर लोळू लागले आणि त्यांनी शेजारच्या खऱ्या प्रवाळभित्तीचं नुकसान केलं. ते काढायला पुढे सैन्याचे डायव्हर लावावे लागले. त्याच राज्यात १७ मे २००६ रोजी 'ओरिस्कनी' ही विमानवाहू नौका बुडवली. ती सरळ तळाशी गेली, डायव्हरची गर्दी होऊ लागली. पण २००८ च्या 'गुस्ताव्ह' चक्रीवादळानंतर तिची डेक सुमारे तीन मीटर आणखी खोल गेल्याचं आढळलं. इतकी अजस्र नौकाही वाळूत खचते.

आपल्याकडे चक्रीवादळाची वाट बघावी लागत नाही, मोसमी वारे दरवर्षी येतात. पावसाळ्यात एका लाटेमागून दुसरी यायला दहा सेकंद लागत असतील तर खोल समुद्रात लाटेची लांबी दीडशे मीटरहून जास्त असते, आणि अशा लाटेची ढवळ लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे पंच्याहत्तरेक मीटरपर्यंत पोहोचते. वीस मीटरवर ती चांगलीच जाणवणार. जहाजाच्या कडेने पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, वाळू उकरून नेतं आणि जहाज एका बाजूला खचू शकतं. साधं पोलाद समुद्रात वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतं. म्हणजे कवच काही दशकं टिकेल, पण पातळ पत्रे आणि जिने आधी जातील. कुठल्या वर्षी कुठला भाग डायव्हरसाठी बंद करायचा, याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं लागेल.

आणि एक गोष्ट या योजनेच्या चर्चेत मला कुठेच पुरेशा ठळकपणे दिसली नाही: ऑक्सिजन. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्रातलं थंड, पोषक पण ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर चढून उथळ भागात येतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी पसरतं, त्यामुळे वरचं आणि खालचं पाणी मिसळत नाही. पोषकद्रव्यांमुळे प्लवक भरमसाट वाढतात, मरून खाली बसतात आणि त्यांना कुजवणारे जिवाणू तळाचा उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं. नैसर्गिकरीत्या ऑक्सिजन संपणाऱ्या किनारी पट्ट्यांत हा जगातला सर्वांत मोठा आहे. त्यांचं मोजमाप केंद्र कांदोळीसमोर, तिशीच्या आतल्या खोलीवर होतं. निवतीपासून ते पन्नासेक किलोमीटर. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे तळाजवळ ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर येतो आणि कधी कधी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

'गुलदार' साधारण याच खोलीवर असणार. मासे पोहून वर जातील, बार्नाकल आणि कालवं कवच मिटून काही दिवस तग धरतील, स्पंज आणि मऊ प्रवाळांचं काय होईल हे मोजल्याशिवाय कळणार नाही. निवतीचे खडक उघड्या समुद्रात आहेत, तिथे लाटांनी पाणी जास्त ढवळत असेल तर परिस्थिती कांदोळीपेक्षा बरीही असेल. यावरून एक रचनेचा मुद्दा निघतो. जहाजाचे जे भाग तळापासून उंच, तिथे ऑक्सिजनही जास्त आणि उजेडही. होड्यांना वरून सुरक्षित जाता यावं म्हणून डोलकाठी आणि वरचा मजला कापताना हे लक्षात घ्यायला हवं. होड्यांची सुरक्षा सांभाळून जेवढी उंची ठेवता येईल तेवढी ठेवावी. ऑक्सिजन आणि तापमान सतत नोंदवणारी उपकरणं डेकवर आणि तळाशी कायमची बसवावीत. प्रकल्पाच्या एकूण खर्चात ती फार महाग पडणार नाहीत.

पाणबुडीविषयी लोकांना भीती वाटते, ती फारशी खरी नाही. हवाई किंवा बार्बाडोसला चालतात तशा प्रवासी पाणबुड्या बॅटरीवर चालतात आणि आत जमिनीवरचाच हवेचा दाब असतो. त्यामुळे स्कूबा करणाऱ्याला वर येताना रक्तात बुडबुडे होण्याचा जो धोका असतो, तो प्रवाशाला नसतो. खरी अडचण गढूळपणाची. पाण्यात कण असले की दिवा जितका प्रखर तितकं समोर पांढुरकं दिसतं, घाटातल्या धुक्यात मोठा दिवा लावल्यावर होतं तसं. निवतीचे खडक किनाऱ्यापासून आत समुद्रात असल्यामुळे पाणी मालवणच्या बंदरापेक्षा स्वच्छ मिळेल, पण पाणबुडीचा हंगाम थंडीतल्या महिन्यांपुरताच चांगला राहील. तिकिटांचं गणित वर्षभरावर मांडलं तर ते चुकेल.

या खडकांवर आधीपासूनचे रहिवासीही आहेत. वेंगुर्ल्याच्या या खडकांतल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांची लाळेची घरटी पूर्वी चोरून विकली जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने तिथे पहारा ठेवून ते थांबवलं. पाकोळ्यांच्या वीण हंगामात पर्यटकांच्या होड्या गुहांपासून लांब ठेवाव्या लागतील.

आणि मच्छीमार. कृत्रिम भित्तीमुळे मासे खरोखर वाढतात, की आजूबाजूचे मासे फक्त एका जागी गोळा होतात, हा वाद जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांत बरीच वर्षं चालू आहे. दोन्ही गोष्टी घडतात, प्रमाण जागेवर अवलंबून असतं. मासे फक्त गोळा झाले आणि ते मोठ्या बोटींनी लुटले, तर किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या गावांचं नुकसानच होईल. म्हणून जहाजाभोवतीचा पट्टा मासेमारीला आणि नांगर टाकायला बंद हवा, आणि त्याची हद्द निवती, वेंगुर्ला, मालवणच्या मच्छीमारांना विचारून ठरवायला हवी. कुठे वाळू आहे, कुठे जाळी अडकतात, कुठला प्रवाह कुठल्या महिन्यात फिरतो, हे त्यांना पाठ आहे.

जहाजावर काय वाढतं याची मोजणी करायला माणसंही जवळच आहेत. तारकर्लीत महामंडळाचीच स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. तिथल्या डायव्हरनी जहाजावरचे ठरलेले चौकोन निवडून दर हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यांचेच फोटो घ्यावेत, आणि ते मच्छीमार संस्था, शाळा, संशोधक अशा सगळ्यांना पाहता येतील असे ठेवावेत. त्या मालिकेतला पहिला फोटो मात्र जहाज खाली जाण्याआधीचा, रिकाम्या वाळूचा घ्यावा लागेल, कारण नंतर तो कोणालाच घेता येणार नाही.