शुश्रूषेच्या जादा तासांचे मोल

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला रात्री कुशीवर वळवणे, वेळेवर औषध देणे, स्नान घालणे ही कामे घड्याळाकडे पाहून होत नाहीत, हे खरे. परंतु म्हणून ती करणाऱ्या व्यक्तीच्या तासांची मोजदादच करू नये काय? अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

तेथील १९३८ च्या कायद्यानुसार आठवड्यात ४० तासांहून अधिक काम झाल्यास जादा तासांसाठी दीडपट वेतन द्यावे लागते. १९७४ च्या दुरुस्तीने मात्र वृद्धांना घरी सोबत करणाऱ्यांना या हक्कातून वगळले. न्यूयॉर्कच्या इव्हलिन कोक यांनी अनेक वर्षे घरोघरी वृद्धांची सेवा केली. जादा तासांच्या वेतनासाठी त्यांनी आपल्या संस्थेविरुद्ध दाद मागितली. २००७ मध्ये न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. पुढे २०१३ मध्ये सरकारने नियम बदलला आणि संस्थांमार्फत काम करणाऱ्या सेविकांना हा हक्क मिळाला. तो पाहण्यास कोक हयात नव्हत्या. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

आपल्याकडे कारखान्यातील कामगाराला जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन देण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात करण्यात आली. घरातील सेविकेला असे संरक्षण नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्याचा भर नोंदणी व कल्याणकारी लाभांवर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांच्या कामाच्या वेळा व विश्रांतीविषयी करार संमत केला. भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

म्हणूनच कुटुंबाची जबाबदारी वाढते. सेविका ठेवतानाच कामाचे तास, रात्रीची झोप, आठवड्याची सुटी आणि जादा तासांचा दर लेखी ठरवावा. नर्सिंग ब्यूरोमार्फत आलेल्या सेविकेच्या हाती प्रत्यक्षात किती रक्कम पडते, हेही विचारावे. रक्तदाबाची व औषधांची नोंद ठेवतो त्याच वहीत तिच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहाव्यात व महिन्याअखेर दोघांनी मिळून हिशेब पाहावा. एखादी रात्र घरातील कोणी जागवावी.

यात रुग्णाचेही हित आहे. सलग जागरणाने थकलेल्या व्यक्तीकडून गोळ्यांची अदलाबदल होण्याची, उठवताना तोल जाण्याची भीती अधिक. विश्रांती आणि रास्त वेतन मिळालेली सेविका आपल्या आईवडिलांना अधिक सुरक्षितपणे सांभाळू शकते.