कोटेशनमधली एक ओळ : डिस्क अ‍ॅरे आणि कंट्रोलर

(लेखांक ७)

मोडनिंबसारख्या गावात पतसंस्थेने किंवा पॅथॉलॉजी लॅबने सर्व्हर घ्यायचे ठरवले, की कोटेशनमध्ये अशी एखादी ओळ असते : ‘४ टीबीच्या ४ डिस्क, रेड ५, कंट्रोलर १ जीबी कॅशेसह’. चर्चा शेवटच्या आकड्यावर होते आणि ही ओळ न वाचताच सही होते. आज आपण तीच वाचू.

पुष्कळ डिस्क जोडून संगणकाला एकच मोठी डिस्क म्हणून दाखवणे म्हणजे डिस्क अ‍ॅरे. १९८८ मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी यावर शोधनिबंध लिहिला आणि ‘रेड’ हे नाव रूढ झाले. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या छोट्या डिस्क वापरा आणि त्यातली एखादी बिघडणारच असे धरून मांडणी करा, हा त्यांचा आग्रह. मला यातला दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो.

‘रेड’पुढचा आकडा मांडणीचा प्रकार सांगतो. रेड ० मध्ये माहितीचे तुकडे सगळ्या डिस्कवर वाटले जातात. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळेच गेले. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तंतोतंत तीच माहिती असते.

रेड ५ मध्ये येते पॅरिटी. समजा तीन डिस्कवर १, ० आणि १ लिहिले आहेत. चौथीवर असा अंक लिहायचा की एकूण १ ची संख्या सम व्हावी, म्हणजे इथे ०. आता तिसरी डिस्क बंद पडली. उरले १, ० आणि ०. त्यात १ एकदाच आहे, म्हणजे हरवलेला अंक १ च असणार. एवढ्याच हिशेबावर गेलेली सगळी डिस्क पुन्हा लिहून काढता येते. पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता चौघींवर फिरवत ठेवतात. तिच्यापायी एका डिस्कइतकी जागा जाते, म्हणून १६ टीबीचे पैसे देऊन १२ टीबी वापरायला मिळतात.

डिस्क गेल्यावर अ‍ॅरे चालू राहतो, पण ‘डिग्रेडेड’ अवस्थेत. नवी डिस्क बसवली की रिबिल्ड सुरू होते. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तरी ४ टीबीला सात तासांहून जास्त लागतात, आणि वर रोजचे काम चालू असेल तर त्याहून बराच वेळ. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर रेड ५ हतबल. रेड ६ दुहेरी पॅरिटी ठेवतो, म्हणून दोन डिस्क गेल्या तरी तग धरतो. शिवाय नवी डिस्क सोलापूर-पुण्याहून यायची असेल आणि मध्ये रविवार आला, तर तो सगळा काळ जोखमीचा. त्यासाठी हॉट स्पेअर : आधीच बसवून ठेवलेली रिकामी डिस्क, जिच्यावर रिबिल्ड आपोआप सुरू होते. गावाकडच्या सर्व्हरला ती हवीच, असे माझे ठाम मत आहे.

आता कंट्रोलर. हा या सगळ्या डिस्कांचा कारभारी : कुठे काय लिहायचे ते हाच ठरवतो. त्याच्याजवळ कॅशे नावाची वेगवान स्मृती असते. राइट-बॅक पद्धतीत माहिती कॅशेत आली की तो ‘लिहिले’ असे कळवून मोकळा होतो. डिस्कवर ती नंतर उतरते. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर? म्हणून कॅशेला स्वतःची बॅटरी लागते, किंवा वीज जाताच माहिती फ्लॅशमध्ये उतरवून ठेवण्याची सोय. उन्हाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या भागात कोटेशन देणाऱ्याला हे स्पष्ट विचारा. यूपीएस आहे म्हणून ही बॅटरी वगळू नका. सर्व्हरचा पॉवर सप्लायच जळाला तर यूपीएस काय करणार? ही बॅटरी दोन-चार वर्षांत दम सोडते. मग बरेच कंट्रोलर राइट-थ्रू पद्धतीवर जातात, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्याशिवाय होकार देत नाहीत, आणि ‘सर्व्हर स्लो झाला’ अशी तक्रार सुरू होते. तेव्हा नवा सर्व्हर घेण्याआधी बॅटरी तपासून घ्या.

एवढे करूनही चुकून पुसलेली फाइल रेड परत देत नाही. पुसण्याचा हुकूम तो सगळ्या डिस्कवर तितक्याच इमानाने बजावतो. त्यासाठी बॅकअप वेगळा ठेवावा लागतो. तो कुठे आणि कसा, ते पुढच्या आठवड्यात.