आधी जमीन कोरडी : बेसमेंटमधील स्वस्त व्यायामशाळेची घडण

उत्तर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात घराखाली बेसमेंट असते, त्याचे मूळ कारण थंडी हे आहे. हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठते, गोठताना फुगते आणि वरचे बांधकाम उचलते. म्हणून जमीन जेथवर गोठते त्या पातळीच्या खाली पाया न्यावा लागतो. तेथील बांधकाम व्यवसायात या पातळीला ‘फ्रॉस्ट लाइन’ म्हणतात आणि ती शिकागो परिसरात 42 इंच, तर मिनेसोटाच्या उत्तर भागात 60 इंच धरली जाते. एवढे खणायचेच असेल तर आणखी थोडे खणून घराच्या लांबी-रुंदीची एक खोलीच पदरात पाडून घ्यावी, या हिशेबातून बेसमेंट रूढ झाले. बर्फामुळे बाहेर चालणे-धावणे महिनोन्‌महिने अवघड होते अशा प्रदेशात ही खोली व्यायामासाठी वापरावी असे अनेकांना वाटते, आणि मग बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो : प्रथम यंत्र येते, नंतर त्यावर कपडे वाळत पडतात आणि शेवटी ते गंजलेल्या अवस्थेत निम्म्या किमतीला विकले जाते.

ओहायो राज्यातील कोलंबस शहराच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने हा क्रम उलटा केला, आणि तेच या निरीक्षणाचे निमित्त ठरले. या कुटुंबाने व्यायामशाळेसाठी घेतलेली पहिली वस्तू डंबेल नव्हती. ते हवेतील दमटपणा मोजणारे दहा-बारा डॉलरचे उपकरण, म्हणजे हायग्रोमीटर होते. ऑगस्ट संपत आला असताना त्यावर 68 हा आकडा दिसत होता. त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरून ठेवू शकते तिच्या 68 टक्के वाफ तिच्यात आहे, असा त्याचा अर्थ होतो. घरातील मुलाने, जो व्यवसायाने संगणक अभियंता आहे, एकच लक्ष्य ठरवले होते : पन्नास. आकडा पन्नासच्या खाली येऊन तेथे टिकेपर्यंत लोखंड घरात आणायचे नाही, असे तो प्रत्येकाला सांगत होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा घरातील दमटपणाविषयीचा सल्लाही 30 ते 50 टक्क्यांचाच आहे.

या कामातील खरे कारागीर मात्र आजोबा होते. सांगली जिल्ह्यातून काही महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, तरुणपणी गावच्या तालमीत अंगाला माती लावलेले हे गृहस्थ बेसमेंटमध्ये उतरले की प्रथम उकिडवे बसून सिमेंटच्या कोब्यावर तळहात टेकवीत आणि मग हात नाकाजवळ नेत. जिना उतरताच जाणवणारा कुबट वास, ज्यात ओल्या पुठ्ठ्याचा आणि जुन्या चुन्याचा दर्प मिसळलेला होता, त्यांच्या दृष्टीने हायग्रोमीटरइतकाच विश्वासार्ह होता. “आधी खालची जमीन बघा, वरचं नंतर,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. तालमीच्या हौद्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून लाल माती मुरवणे, ती रोज खणून भुसभुशीत करणे आणि पुन्हा सपाट करणे हा पैलवानाच्या व्यायामाचाच भाग मानला जातो. जमिनीची निगा आधी आणि शरीराची नंतर, ही शिस्त ते सातासमुद्रापलीकडे घेऊन आले होते.

बेसमेंटमधील ओल दोन वाटांनी येते आणि त्यांतील फरक ओळखल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो. पहिली वाट जमिनीची आहे. कोबा साधारणपणे चार इंच जाडीचा असतो. काँक्रीट घट्ट दिसले तरी त्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून खालच्या मातीतील ओल वर चढते. नव्या घरांत कोब्याखाली खडीचा थर व प्लॅस्टिकचा जाड कागद घालतात, पण जुन्या घरांत तो बहुधा नसतो. दुसरी वाट हवेची आहे. उन्हाळ्यातील उष्ण, दमट हवा थंड भिंतीला लागली की थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तशी भिंत ओली होते; म्हणूनच उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून बेसमेंटच्या खिडक्या उघडणे हा उपाय पुष्कळदा अपाय ठरतो. या दोन वाटा वेगळ्या ओळखण्याची रीत अगदी स्वस्त आहे. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर घट्ट बसवून किमान सोळा तास तसाच ठेवायचा. थेंब खालच्या बाजूला जमले तर ओल जमिनीतून येते आहे, वरच्या बाजूला जमले तर हवेतून.

या घरात एका कोपऱ्यात थेंब खालच्या बाजूला जमले, आणि भिंतीवर त्याच कोपऱ्यात पांढरे क्षार फुटलेले होते. कारण घराबाहेर सापडले. छपरावरचे पाणी गोळा करणाऱ्या पन्हळीचा उतरता पाइप पायाला लागूनच मोकळा होत होता. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 620 गॅलन, म्हणजे साडेतेवीसशे लिटरच्या आसपास पाणी जमते, आणि ते सारे पायाच्या मुळाशी ओतले जात असेल तर आत कितीही यंत्रे लावून भिंत वाळणार नाही. मुलाने पाइपला जोड देऊन पाणी सहा फूट दूर नेले; आजोबांनी फावड्याने माती ओढून घरापासून बाहेर उतार काढला. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार असावा, असा अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेचा नियम आहे. आजोबांना तो नियम ठाऊक नव्हता, तरी त्यांनी काढलेला उतार मोजला असता जवळपास तेवढाच भरला. या दोन कामांना मिळून एका बऱ्या डंबेलच्या जोडीइतकाही खर्च आला नाही. उरलेली ओल, जी हवेतील होती, ती शोषण्यासाठी एक जुना डिह्युमिडिफायर ठेवण्यात आला, आणि आकडा 68 वरून हळूहळू पन्नासकडे सरकू लागला.

त्याच काळात आणखी एक तपासणी झाली, जिचा उल्लेख व्यायामसाहित्याच्या जाहिरातींत कधीच नसतो. मातीतील युरेनियमच्या विघटनातून रेडॉन हा रंगहीन, गंधहीन, किरणोत्सारी वायू निर्माण होतो आणि कोब्याच्या भेगांतून बेसमेंटमध्ये साचतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचाच क्रमांक लागतो, आणि प्रतिलिटर 4 पिकोक्युरी या पातळीपासून पुढे उपाययोजना करावी असे पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. व्यायाम करणारा माणूस विश्रांतीच्या अवस्थेपेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेतो. म्हणून ज्या खोलीत धाप लागेपर्यंत श्रम करायचे, तेथील हवेची चाचणी करणे हा चैनीचा भाग समजता येणार नाही.

जमिनीनंतर प्रश्न उंचीचा येतो. राहण्याच्या खोलीला किमान सात फूट उंची हवी असा सर्वसाधारण नियम असला, तरी हवेच्या डक्टखाली ती त्याहूनही कमी भरते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने बार डोक्यावर नेला तर त्याचे हात सात फुटांच्या जवळ पोचतात आणि वर मोठ्या प्लेटची सुमारे नऊ इंचांची त्रिज्या असते. त्यामुळे उभ्याने वजन डोक्यावर नेण्याचा व्यायाम येथे बसूनच करावा लागतो आणि दोरीवरच्या उड्या बाहेरच माराव्या लागतात. छत उघडे असेल तर लाकडी तुळयांमधील पोकळी मात्र उपयोगी पडते. दोन तुळयांमध्ये लोखंडी नळी बसवली की पुल-अपची सोय होते. फक्त तुळईच्या वरच्या किंवा खालच्या कडेपासून दोन इंचांच्या आत भोक पाडायचे नसते आणि भोकाचा व्यास तुळईच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा ठेवायचा नसतो, कारण त्या तुळयांवरच वरचे घर उभे असते.

फरशीसाठी या घराने व्यायामसाहित्याचे दुकान टाळून शेतीसाहित्याचे दुकान गाठले. घोड्यांच्या तबेल्यात अंथरण्यासाठी जुन्या टायरच्या रबरापासून केलेल्या मॅट तेथे मिळतात. एक मॅट चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि पाऊण इंच जाड असून तिचे वजन शंभर पौंडांच्या, म्हणजे 45 किलोंच्या आसपास भरते. घोड्याचे खूर सोसणारे हे रबर पडलेले लोखंडही सोसते, आणि अशा चार मॅटमध्ये आठ फूट बाय बारा फूट जागा झाकली जाते. त्यांचा उग्र वास जावा म्हणून त्या साबणाने धुऊन काही दिवस गॅरेजमध्ये उघड्या ठेवाव्या लागतात. ओल्या कोब्यावर त्या अंथरल्या तर खालची ओल कोंडते आणि बुरशी धरते. आजोबांनी म्हणूनच मॅट खाली नेण्याआधी कोब्यावर पुन्हा एकदा तळहात टेकवला आणि मगच होकार दिला. त्या वेळी आकडा 49 होता, आणि तो आठवडाभर पन्नासच्या खाली राहिल्याचे मुलाने पाहिले होते.

वजने मिळवणे हा त्यानंतरचा आणि सर्वांत सोपा भाग होता. लोखंड जुने झाले म्हणून त्याचे वजन घटत नाही. गंज तारेच्या ब्रशने खरवडून, तेलाचा हात फिरवून जुन्या प्लेट पुन्हा वापरात आल्या, आणि बांधकामाच्या वाळूची पिशवी जाड कापडी थैलीत शिवून उचलण्याचे ओझे तयार झाले.

आजोबांनी स्वतःसाठी मागितली ती लाकडी मुद्गलांची जोडी. या साधनाचे अमेरिकेशी नाते जुने आहे. हिंदुस्थानातील मुद्गल ब्रिटिश लष्करामार्फत इंग्लंडला गेले, तेथून अमेरिकेत पोचले आणि सिम केहो यांनी 1866 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. 1904 च्या सेंट लुइस आणि 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. येथील छताखाली मात्र मुद्गल उभ्याने फिरवता येत नाहीत. आजोबा ते स्टुलावर बसून फिरवतात आणि जोर-बैठका मॅटवर काढतात, ज्यांना दोन मॅटहून अधिक जागा लागत नाही.

जमिनीचे महत्त्व खाशाबा जाधवांच्या कारकिर्दीतही दिसते. मातीत घडलेले हे पैलवान 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अपरिचित गादीवर खेळून सहावे आले, आणि गादीचा सराव झाल्यावर 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. पायाखाली काय आहे यावर शरीराची कामगिरी अवलंबून असते, हे तालमीत शिकलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

बेसमेंटमध्ये व्यायामाची जागा करू पाहणाऱ्यांनी खर्चाचा हाच क्रम ठेवावा : पहिला पैसा पन्हळीवर आणि उतारावर, दुसरा हवेच्या तपासणीवर, तिसरा फरशीवर आणि उरलेला लोखंडावर. दमटपणाचा आकडा पन्नासच्या खाली गेला नसेल, तर व्यायामसाहित्याच्या दुकानात जाण्याची वेळ अजून आलेली नाही.