ज्यांनी वाजवायला नकार दिला: चेलोवादक पाब्लो कसाल्सची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा जे नेमके आज हेडफोन घरी विसरले, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं लिहून देतेय. बोलताना जे राहून गेलं, तेही यात घातलंय.

आज सुरुवात एका प्रश्नानं करूया. समजा, तुम्हाला एकच गोष्ट येते, पण अशी येते की जगात तोड नाही. पोट त्यावर, नाव त्यावर. आणि एक दिवस तुम्ही ठरवता की जे लोक अन्यायाकडे बघून गप्प बसतात, त्यांच्यासमोर मी ही कला सादर करणार नाही. यानं कुणाला काही फरक पडतो का? की नुकसान फक्त आपलंच होतं?

पाब्लो कसाल्स यांनी हे खरोखर केलं. तेही साठी उलटून गेलेली असताना.

आधी दोन शब्द समजून घेऊ

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं भावंड. खुर्चीत बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. चार तारा, एक गज, आणि आवाज असा की माणूसच खालच्या पट्टीत गातोय असं वाटावं. तुम्ही तो ऐकलेला आहे बरं का. जुन्या हिंदी गाण्यांत व्हायोलिनच्या ताफ्याखाली जो भरदार आवाज वाहत असतो, त्यात बऱ्याचदा चेलो असतो. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ही वाद्यं वाजवणारे कितीतरी कलाकार गोव्याचे होते.

दुसरा शब्द, चेंबर म्युझिक. शब्दशः 'खोलीतलं संगीत'. दोन ते आठ-नऊ वादक, प्रत्येकाची ओळ वेगळी आणि समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही. आपल्या बैठकीसारखं जवळून ऐकायचं. फरक इतकाच की इथे सूर आधी लिहिलेले असतात. कधी सुरू करायचं, कुठे हळू व्हायचं, हे वादक एकमेकांच्या श्वासावरून आणि नजरेवरून ठरवतात. यात बहुतेक वेळा चेलो तळ सांभाळतो. तो डगमगला की वरचे सगळे डगमगतात. म्हणजे इथे नेतृत्व करायचं तर आधी दुसऱ्याचं ऐकता आलं पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भोपळ्याचा चेलो

जन्म २९ डिसेंबर १८७६, स्पेनच्या कातालोनिया प्रांतात, एल व्हेंद्रेल या लहान गावात. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. घरच्या कातालान भाषेत पोराचं नाव पाउ. गंमत म्हणजे त्या भाषेत 'पाउ'चा अर्थ 'शांती' असाही होतो.

एकदा गावात फिरते वादक आले. त्यातला एकजण झाडूच्या दांड्याला तार लावून चेलोसारखं वाजवत होता. पोरानं घरी हट्ट धरला, आणि वडिलांनी सुक्या भोपळ्याचं एक तारवाद्य करवून दिलं. आपल्याकडे तानपुऱ्याला, सतारीला भोपळाच लागतो, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. त्यांचं ते वाद्य आजही जपून ठेवलेलं आहे.

खरा चेलो त्यानं वयाच्या अकराव्या वर्षी ऐकला आणि दुसरं काही शिकायचंच नाही असं ठरवलं. आई त्याला घेऊन बार्सेलोनाला गेली. तिथे चेलो शिकवायची पद्धत अशी, की उजव्या काखेत पुस्तक धरायचं आणि ते पडू न देता गज चालवायचा. पोराला हे पटेना. त्यानं हात मोकळा सोडला, डाव्या हाताची बोटंही वेगळ्या पद्धतीनं टाकायला लागला. आज जगभर चेलो ज्या मोकळेपणानं वाजवतात, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हा बदल आहे.

संध्याकाळी तो एका कॅफेत तिघांच्या गटात वाजवून पैसे मिळवायचा. या वाजवण्यासाठी नवीन काही मिळतंय का, म्हणून १८९० मध्ये वडिलांबरोबर बंदराजवळच्या दुकानात जुनी पुस्तकं चाळताना हाताला लागली बाखची एकट्या चेलोसाठी लिहिलेली सहा सुइट्स. तेव्हा लोक त्यांना निव्वळ सरावाची सामग्री समजायचे. तेरा वर्षांच्या या मुलानं त्यावर रोज रियाज केला. किती वर्षं? लोकांसमोर पूर्ण सुइट वाजवायची हिंमत होईपर्यंत बारा वर्षं गेली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. आज कुठल्याही चेलोवादकाचं या सुइट्सशिवाय पान हलत नाही.

तीन मित्र

यापुढे त्यांना 'ते' म्हणूया, कारण नाव झालं. १८९९ मध्ये लंडन, पॅरिस. १९०४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाऊसमध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर वादन. एकट्यानं मैफली करून आरामात आयुष्य गेलं असतं.

पण १९०५ च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांनी दोन मित्रांबरोबर वाजवायला सुरुवात केली. पियानोवर आल्फ्रेद कोर्तो, व्हायोलिनवर झाक तिबो. सुरुवातीला नुसती हौस. तिघंही आपापल्या जागी मोठे, तरी वर्षातून काही आठवडे वेगळे काढून एकत्र वाजवायचे. जवळजवळ तीस वर्षं! १९२६ ते १९२८ मधली त्यांची ध्वनिमुद्रणं आजही ऐकली जातात. कोर्तो हे नाव विसरू नका, ते परत येणार आहेत.

१९२० मध्ये कसाल्सनी बार्सेलोनात स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. सुरुवातीची काही वर्षं त्याचा तोटा ते परदेशातल्या मैफलींच्या कमाईतून भरून काढत. मग कामगारांसाठी संघटना निघाली. कमी पगार असेल त्यालाच सभासद होता येई, आणि नाममात्र वर्गणीत रविवारी सकाळी हाच ऑर्केस्ट्रा ऐकता येई.

तालीम थांबली

जुलै १९३६. दुसऱ्या दिवशी बीथोव्हेनची नववी सिंफनी सादर व्हायची होती, तालीम चालू होती. निरोप आला की सैन्यानं बंड केलंय, इमारत ताबडतोब रिकामी करा. कसाल्सनी वादकांना आणि गायकांना विचारलं, शेवटचा भाग पूर्ण करून निरोप घ्यायचा का? सगळे थांबले. मानवजातीच्या बंधुत्वाचं ते गाणं गाऊन झालं आणि मंडळी पांगली. शांतता आली की पुन्हा वाजवू, असं ठरलं होतं. तो दिवस कसाल्सच्या हयातीत आला नाही.

यादवी युद्ध तीन वर्षं चाललं. १९३९ मध्ये जनरल फ्रँको जिंकले आणि पुढे १९७५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, हुकूमशहा म्हणून राहिले. कातालान भाषाही सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाली. कसाल्स सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या प्राद नावाच्या छोट्या गावात राहायला गेले. आसपासच्या छावण्यांत हजारो कातालान निर्वासित हाल काढत होते. हा जगप्रसिद्ध माणूस दिवसभर पत्रं लिहायचा, देणग्या मागायचा, मदतीसाठी मैफली करायचा. जर्मनांचा ताबा असताना जर्मनीत येऊन वाजवा असं आमंत्रण आलं, त्याला त्यांनी नकार दिला.

१९४५ मध्ये महायुद्ध संपलं. हिटलर गेला, आता मित्रराष्ट्रं फ्रँकोलाही घालवतील अशी त्यांना खात्री होती. तसं काही झालं नाही. उलट हळूहळू सगळे त्या सरकारशी जुळवून घेऊ लागले.

मग कसाल्सनी ठरवलं, की फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत मी जाहीरपणे वाजवणार नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजनं देऊ केलेल्या मानद पदव्याही नाकारल्या. वय सत्तरीला आलेलं. या वयात वादकाचा हात किती वर्षं साथ देईल याचा भरवसा नसतो. हे सगळं त्यांना माहीत होतं.

मग जगच गावात आलं

१९५० हे बाखच्या मृत्यूचं दोनशेवं वर्ष. अलेक्झांडर श्नायडर नावाच्या व्हायोलिनवादकानं तोडगा काढला. तुम्ही बाहेर येत नाही ना, मग आम्हीच तिकडे येतो! रुडॉल्फ सर्किन, आयझॅक स्टर्न, क्लारा हास्किल, मेचिस्वाव्ह होर्शोव्स्की असे एकेक दिग्गज त्या आडगावात पोचले. मैफली गावच्या चर्चमध्ये झाल्या. कसाल्स चेलोही वाजवत होते आणि सगळ्यांना घेऊन ऑर्केस्ट्राही चालवत होते. हा महोत्सव मग दर वर्षी भरू लागला.

आठवतंय ना, आधी दुसऱ्याचं ऐकायचं? मला वाटतं हा माणूस मोठा होता तो इथे. नकार एकट्याचा होता, पण त्यातून उभं राहिलं ते एकत्र वाजवणं.

आता कोर्तो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये जर्मनांशी हातमिळवणी करणारं सरकार होतं. कोर्तो यांनी त्यात पद घेतलं, जर्मनीत जाऊन वादनही केलं. कसाल्सना हे जिव्हारी लागलं आणि मैत्री तुटली. तिबो १९५३ मध्ये विमान अपघातात गेले. उरले दोघे. पुढे कोर्तो यांनी चूक कबूल केली, आणि १९५८ मध्ये प्रादला दोघांनी पुन्हा एकत्र वाजवलं. एक ८० वर्षांचा, दुसरा ८१. कसाल्सनी फ्रँकोला कधीच माफ केलं नाही, पण मित्राला केलं.

नकार मोडला का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी ते राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी व्हाइट हाऊसमध्ये वाजवायला गेले. अमेरिकेनं तर फ्रँकोला मान्यता दिली होती, वर स्पेनमध्ये लष्करी तळही उभारले होते. मग हे काय? त्यांचं म्हणणं असं, की केनेडींबद्दल मला आशा वाटते आणि स्पेनचा विषय मला त्यांच्या कानावर घालायचाय. तुम्हाला ही पळवाट वाटू शकते. मला वाटतं, आयुष्यभर तत्त्व पाळणाऱ्यालाही कधीतरी विचारावं लागतं, की गप्प राहून जास्त साधेल की बोलून? त्या रात्री श्रोत्यांत रूझवेल्ट यांची मुलगी अ‍ॅलिस होती. १९०४ मध्येही ती हजर होती. ५७ वर्षांचं अंतर!

तोवर ते आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिकोत राहायला गेले होते. तिथला ऑर्केस्ट्रा आणि संगीताचं महाविद्यालय उभं करण्यात त्यांचा मोठा हात होता. शिवाय १९६० पासून अमेरिकेतल्या मार्लबोरो इथे उन्हाळ्यात तरुण वादकांना शिकवायचे. रोज सकाळी आधी पियानोवर बाख, मग बाकीचा दिवस, हा नेम वयाच्या नव्वदीतही सुटला नाही.

२४ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्यांना शांतता पदक दिलं. ९४ वर्षांचे कसाल्स म्हणाले, मी बरीच वर्षं लोकांसमोर चेलो वाजवलेला नाही, पण आज वाजवतो. आणि वाजवलं आपल्या मुलखातलं लोकगीत, 'पक्ष्यांचं गाणं'.

दोन वर्षांनी, २२ ऑक्टोबर १९७३ ला ते गेले. फ्रँको त्यांच्यानंतर दोन वर्षं जगला. म्हणजे सरळ हिशेब केला तर कसाल्स हरले. नकारानं सरकार पडलं नाही.

पण ज्या काळात बाकीच्यांना स्पेनचा विसर पडत होता, तेव्हा "हा माणूस वाजवत का नाही?" असं कुणी विचारलं, की उत्तरात स्पेन यायचंच. मला वाटतं, एका माणसाच्या नकारानं एवढं होतं. ते कमी नाही. १९७९ मध्ये त्यांचे अवशेष एल व्हेंद्रेलला परत आणले गेले. तेव्हा तिथे लोकशाही होती.

आता कानात घाला

मोबाइलवर तीन गोष्टी शोधा. एक, बाखच्या पहिल्या सुइटचं प्रेल्यूड, कसाल्सनी वाजवलेलं. ध्वनिमुद्रण जुनं आहे, खरखर येईल, दोन मिनिटांत कान सरावतो. दोन, कोर्तो-तिबो-कसाल्स यांचं शुबर्टचं ट्रिओ, १९२६ मधलं. एकदा फक्त खालच्या चेलोकडे लक्ष देऊन ऐका. तीन, १९७१ चं 'पक्ष्यांचं गाणं', त्याचं चित्रीकरण आहे. हात थकलेला दिसेल, सूर थोडा थरथरेल. तरीही शेवटपर्यंत ऐका.

आणि सांगा, तुम्ही त्यांच्या जागी असता तर १९६१ मध्ये गेला असता का? पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, ऐकत राहा!