परसातल्या कलमांचा आगाऊ सौदा

माल न पाहता सौदा करणाऱ्याला आमच्या कापड बाजारात कच्चा व्यापारी म्हणतात. ताका उलगडावा, पन्हा मोजावा, वजन करून पाहावे आणि मगच भाव बोलावा, हे भिवंडीत आम्हाला पहिल्याच दिवशी शिकविण्यात आले होते. परंतु गावच्या घरामागील आंब्याच्या कलमांचा सौदा करण्याची वेळ आली तेव्हा आम्ही हे सारे विसरलो. कोकणातील ज्या मुस्लिम कुटुंबांची घरे गावी आणि रोजी मुंबई, भिवंडी किंवा आखातात आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या परसात आजही असेच सौदे होत आहेत. म्हणून आमच्या नुकसानीचा हिशोब येथे मांडावासा वाटतो.

आमचे गाव मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीच्या बाजूला. मरहूम वालिदसाहेबांनी १९७८ साली घराच्या मागे हापूसची नऊ कलमे लावली. त्याशिवाय चौदा माड, पोफळीची एक रांग, दोन रातांबे, एक फणस, विहिरीजवळ केळी आणि शेवगा. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी. अम्माच्या हयातीत आमच्या घरात नारळ, कोकम, लिंबू आणि पावसाळी भाजी बाजारातून कधी आली नाही. या जिनसांची कोणी वही ठेवीत नसे, त्यामुळे परसाची खरी किंमत आम्हा भावांना कधी कळली नाही. आंबा तेवढा पेटीने विकला जाई, म्हणून तेवढाच आम्हाला माल वाटे.

अम्मांच्या इंतकालानंतर घर बंद झाले. २०१२ साली एक ठेकेदार भिवंडीला आमच्या गाळ्यावर आला आणि नऊ झाडे पाच वर्षांच्या कराराने मागितली. रक्कम ७५ हजार रुपये, एकदम रोख. त्या दिवसांत ग्रे कापडाचा एक लॉट स्वस्तात मिळत होता आणि आम्हाला पैशाची निकड होती. आम्ही सही केली. झाडांना खत कोणी घालावयाचे, औषध कोणते आणि किती घालावयाचे, याबद्दल त्या कागदावर एक ओळही नव्हती. सुताच्या एका बीमच्या व्यवहारात आम्ही याहून अधिक लिहून घेतो.

हापूस हा स्वभावाने एक वर्ष भरपूर आणि दुसरे वर्ष थोडा येणारा आंबा. पालवी फार आली की मोहोर कमी येतो. यावर उपाय म्हणून पॅक्लोब्युट्राझोल नावाचे संजीवक वापरण्यात येते, ज्याला बागायतदार त्याच्या एका व्यापारी नावाने ‘कल्टार’ म्हणतात. हे झाडातील जिबरेलिन तयार होण्यास अडथळा करते, वाढ थांबते आणि झाड मोहोराकडे वळते. मोहोर लवकर येतो, दरवर्षी येतो, आणि लवकरच्या आंब्याला वाशीच्या बाजारात भाव मिळतो. हे औषध वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने स्वतः त्याची शिफारस केलेली आहे, परंतु मोजून. झाडाच्या घेराचा व्यास मीटरमध्ये घ्यावयाचा आणि दर मीटरला ३ मिलिलिटर, म्हणजे दहा मीटर घेराच्या झाडाला ३० मिलिलिटर, जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती लहान खड्डे पाडून द्यावयाचे. दरवर्षी फळ घ्यावयाचे तर खुराकही दरवर्षी पाहिजे. शिवाय हे औषध मातीत बरेच दिवस टिकते, एका वर्षाचे संपण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाचे पडते.

ज्याच्याकडे झाड पाचच वर्षे आहे, तो हे माप कशाला पाळील? त्याला सहाव्या वर्षाशी काय घेणे? आमच्या झाडांना किती औषध पडले याची नोंद कोणाकडे नाही. पहिली दोन वर्षे फांद्या लगडल्या. आम्ही मे महिन्यात गावी गेलो की लोक आमचे अभिनंदन करीत आणि आम्हीही खूश होत असू. शेजारचे कुणबी गृहस्थ, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, एवढेच म्हणाले, “शेट, दूध तर रोज काढतायत. पेंड कोण घालतंय?” आम्ही हसून विषय टाळला.

चौथ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या, पालवी तोकडी आणि पाने बारीक झाली. २०१७ साली झाडे ताब्यात आली तेव्हा दोन कलमे गेल्यातच जमा होती. उरलेल्या सातांवर बांडगूळ माजले होते आणि तिघांच्या खोडाला भिरुडाची भोके होती, खाली भुसा पडलेला. ठेकेदाराशी भांडण्याचा प्रश्नच नव्हता, त्याने करार मोडलेलाच नव्हता. दोन्ही मेलेली झाडे सरपणाच्या भावाने गेली.

त्या वर्षीच्या रमजानमध्ये एका आलिमांशी बोलताना सहज हा विषय निघाला. त्यांनी आम्हाला विचारले, “कापड पाहून घेता, मग पाच वर्षांचे फळ न पाहता कसे विकलेत?” शाळेत उर्दूतून दीनियात शिकताना हे सारे आम्ही वाचले होते, पण परीक्षेपुरते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झाडावरील फळाची पक्वता दिसू लागेपर्यंत त्याची विक्री करण्यास मनाई केली आहे, आणि अनेक वर्षांचे फळ आगाऊ विकण्यासही. कारणही व्यापाऱ्याला पटेल असेच सांगितले आहे: अल्लाहने फळच दिले नाही, तर आपल्या भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घ्यावा? आपत्तीने फळ गेले तर पैसे सोडून देण्याविषयीही हदीस आहे. तपशिलात इमामांचे मतभेद आहेत. कोकणातले आम्ही शाफई आणि भिवंडीतले आमचे बहुतेक शेजारी हनफी, तेव्हा ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आमच्या मनात आले ते निराळेच. आम्ही नेहमी समजत आलो की या मनाईने खरेदीदाराचे रक्षण होते. आमच्या प्रकरणात तिने आमचे, आणि झाडांचे, रक्षण केले असते.

२०१७ च्या पावसाळ्यापासून आम्ही झाडे स्वतः पाहू लागलो. प्रथम बांडगूळ फांदीसह कापले. नुसते ओरबाडून उपयोग नाही, मुळे फांदीत राहतात. कापल्या जागी बोर्डो मलम लावला. भिरुडाच्या भोकात तार घालून अळी काढली, रॉकेलचा बोळा कोंबला आणि वर चिखल लिंपला. हे काम दर दोन महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते, कारण अळी आत असते आणि बाहेर फक्त भुसा दिसतो. जूनमध्ये प्रत्येक झाडाच्या घेराखाली, बुंध्यापासून दूर, गोल चर काढून पाच टोपल्या शेणखत आणि कृषी सहायकाने सांगितल्याप्रमाणे युरिया, सुपर फॉस्फेट व पालाश घातले. बुंध्याला खत चिकटवून घालणारे पुष्कळ आहेत. अन्न घेणारी बारीक मुळे तेथे नसतात. कल्टार पूर्ण बंद. तीन वर्षे आंबा घरापुरताही नीट मिळाला नाही आणि भावांनी आमच्याकडे खर्चाचा जाब मागितला, तो रास्तच होता.

त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्याला लागले. पाच माड पडले, पोफळीची रांग आडवी झाली, एक कलम मुळासकट उलथले. वाचकांपैकी श्रीवर्धन, म्हसळा, दापोलीच्या लोकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. पुढच्या पावसाळ्यात बाणवलीचे माड लावले. त्यांना फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात. आंब्याच्या जागी तीन नवी कलमे लावली, मीटरभर खोल खड्ड्यात, कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवून. सांध्याखालून फुटणारे धुमारे तात्यांचा नातू काढीत असतो. ते वाढू दिले तर हापूस मरतो आणि खालचा रायवळ उरतो.

देखरेखीसाठी आता त्याच मुलाशी वाटणीचा ठराव आहे. खत-औषध आमचे, मेहनत त्याची, उत्पन्न अर्धे-अर्धे. ७ हिजरीत, म्हणजे इ. स. ६२८ मध्ये, खैबरच्या खजुरीच्या बागा अशाच अर्ध्या वाटणीवर तेथील रहिवाशांकडे ठेवण्यात आल्या होत्या, तेव्हा पद्धत काही नवी नाही. मांडवाखालची भाजी पूर्ण त्याची. आम्ही गेलो तर पडवळ आणि रातांब्याची सोले पिशवीत भरून देतो.

यंदा डिसेंबरात, मोहोर दिसताच, दुसरा एक ठेकेदार गाळ्यावर आला. तीन वर्षांची एकरकमी बोली होती आणि आकडा २०१२ पेक्षा बराच मोठा. आम्ही त्याला चहा पाजला आणि आंबा तयार झाल्यावर या म्हणालो. तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खरोखर आला. परसात फिरून त्याने सहाही झाडे पाहिली, आणि सौदा ठरला तो झेल्याने उतरविलेल्या फळांचा, डझनावर, त्या दिवसाच्या भावाने. दोन झाडे घरासाठी राखली आहेत. मे महिन्यात मुलांना सांदणे पाहिजेत.