कुकडीकाठची राख आणि आपल्या शेताची माती

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठाला पांढरट करड्या राखेचा एक थर आहे. ही राख चुलीची नव्हे, की आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकाचीही नव्हे. 1980 नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी तिचा अभ्यास केला व ती ज्वालामुखीची राख असल्याचे दाखविले. तीन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून ती वाऱ्याबरोबर येथवर आली, असे पुढील परीक्षणांतून दिसून आले. टोबाचे उद्रेक एकाहून अधिक वेळा झाले. शेवटचा मोठा उद्रेक सुमारे 74,000 वर्षांपूर्वीचा होय. बोरीची राख त्याच उद्रेकाची की त्याहून फार जुन्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. याच परिसरात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारेही सापडली आहेत.

शेतकरी बंधूंनी विचारावे, याचा आमच्या शेतीशी संबंध काय? संबंध निकटचा आहे. नदीचा काठ ही निसर्गाची खातेवही होय. गाळाचा प्रत्येक थर हे तिचे एकेक पान आहे.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी उत्तरेकडील देश बर्फाच्या प्रचंड थरांखाली होते. त्या काळी आपला मोसमी पाऊस दुर्बळ झाला होता. वायव्य दख्खनच्या नद्यांविषयी वि. स. काळे व श. ना. राजगुरू यांचे संशोधन 1987 साली प्रसिद्ध झाले. पाऊस कमी असता नद्यांना गाळ वाहून नेणे झेपले नाही व तो पात्रात साचत गेला. हे सुमारे 17,000 ते 10,000 वर्षांपूर्वी घडले. पुढे पाऊस वाढला आणि नद्यांनी तोच गाळ कापून खोल पात्रे केली. काठांच्या उंच दरडी त्यामुळेच दिसतात.

यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. कुकडी, मीना व घोड यांच्या काठची खोल माती हजारो वर्षांची ठेव आहे. एका पावसाळ्यात ढासळलेली दरड नातवंडांच्या हयातीतही भरून यावयाची नाही.

म्हणून जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात. दरडीच्या कडेपर्यंत नांगर नेऊ नये. काही पट्टा पडीक ठेवून त्यावर वाळा, निर्गुडी, करंज किंवा बांबू लावावा. शेतातील जादा पाणी दगडी सांडीवरून उतरवावे. घळ लहान असतानाच तीत दगडांचे आडवे बांध घालावेत. नांगरट उताराला आडवी करावी. काठची माती व वाळू विक्रीसाठी खणू देऊ नये. अशा उत्खननास महसूल खात्याची परवानगी लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक काम करावे. विहीर खणताना किंवा जमीन सपाट करताना पिठासारखी बारीक, काळ्या मातीप्रमाणे न चिकटणारी पांढरट राख आढळल्यास तेथील खोदकाम थांबवावे, जागेची नोंद करावी आणि ग्रामपंचायतीमार्फत डेक्कन कॉलेजला कळवावे. खातेवहीचे फाटलेले पान पुन्हा लिहिता येत नाही. काठ राखला, तर शेतही राहील आणि इतिहासही राहील.