होडीत रेडिओ मुका का होतो?

दोस्तांनो, एक कोडं घालतो. समजा, तुम्ही पुसदहून जीपमधून निघालात. जीपमधला एफएम रेडिओ मस्त गातोय. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या काठावर पोचलात आणि तोच रेडिओ, तोच अँटेना, तीच बॅटरी काढून फायबरच्या होडीत बसवलीत. पाण्यात गेल्यावर बटण दाबलं, तर नुसती खरखर! गाणं गेलं कुठे?

पाण्याने अडवलं म्हणता? छे! पाणी बिचारं निर्दोष आहे. हरवलाय तो जीपचा पत्रा!

गंमत अशी आहे. एफएमची लाट 100 मेगाहर्ट्झला बरोब्बर 3 मीटर लांब असते. तिला पकडायला तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे 75 सेंटिमीटरची दांडी चांगली. पण एका हाताने टाळी वाजत नाही! दांडी हा एक हात. दुसरा हात म्हणजे गाडीचा पत्रा. अँटेनाच्या वायरीवरची तारांची जाळी या पत्र्यालाच जोडलेली असते. फायबर किंवा लाकडाच्या होडीत पत्राच नाही, मग टाळी वाजणार कशी? होडी लोखंडी असेल, तर मात्र ही अडचण येत नाही.

मग उपाय? दुसरा हात आपणच द्यायचा. 75-75 सेंटिमीटरच्या दोन तारा घ्यायच्या. वायरीच्या मधल्या तारेला एक जोडून ती वर न्यायची, बाहेरच्या जाळीला दुसरी जोडून ती खाली सोडायची. दोन्ही तारा एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. झाला जोडीचा अँटेना! छतावरच्या जुन्या टीव्ही अँटेनातही अशीच जोडी असायची. आजोबांना विचारा.

हा अँटेना उंच काठीवर बांधायचा. एफएमच्या लाटा जवळजवळ सरळ रेषेत धावतात आणि डोंगराआड नीट पोचत नाहीत. डोंगरांच्या कुशीत वसलेल्या पुसदकरांना हे वेगळं सांगायला नको! इंजिन सुरू होताच रेडिओत टरटर आली, तर रेडिओच्या वायरी इंजिनाच्या वायरींपासून दूर न्यायच्या. लाल आणि काळी, दोन्ही थेट बॅटरीला जोडायच्या, लाल वायरीत फ्यूज टाकून. हे काम मात्र मोठ्या माणसांबरोबरच करायचं हं!

एवढा खटाटोप फक्त गाण्यांसाठी? नाही. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा समुद्रात गेलेले कितीतरी मासेमार परतलेच नाहीत. अशा वेळी धोक्याचा इशारा होडीपर्यंत पोचणं म्हणजे जीव वाचणं.

आणि धरणावर? तिथे वादळी पाऊस आणि विजा. आता हा प्रयोग घरात बसून करा. पावसाळी संध्याकाळी ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावा आणि जिथे कुठलंच केंद्र लागत नाही, तिथे काटा ठेवा. दूर वीज चमकली, की रेडिओत त्याच क्षणी ‘कड्’ होईल. गडगडाट मागून येईल, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे 3 सेकंद लागतात. कधी कधी तर गडगडाट ऐकूच येत नाही, तरी रेडिओ खरखरतो.

पाण्यावर असताना ही खरखर वाढू लागली, तर काय करायचं? अँटेनाला हात लावायचा नाही, गाणं शोधत बसायचं नाही. होडी सरळ काठाला!